ओढ, पारख आणि छाट

बंगळूर क्लबाच्या जुन्या हिशेबवहीत १८९९ सालची एक नोंद आहे. वसूल होण्याची आशा उरली नाही म्हणून सोडून दिलेल्या रकमांच्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल या नावापुढे १३ रुपयांचा आकडा मांडलेला आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार्स पलटणीबरोबर हा तरुण अधिकारी बंगळूरच्या छावणीत आला, पोलो खेळला, दुपारच्या उन्हाच्या वेळी बंगल्यात बसून गिबन आणि मेकॉले वाचत राहिला, आणि पुढे यथाकाल इंग्लंडचा पंतप्रधान झाला. हिंदुस्थानात येण्याच्या आदल्याच वर्षी तो क्यूबाला जाऊन आला होता. तेथून आणलेली सिगारची आवड त्याला जन्मभर पुरली, आणि हवानाच्या सात इंच लांबीच्या एका सिगारला पुढे त्याचेच नाव मिळाले. क्लबाच्या वहीतील १३ रुपये मात्र तसेच राहिले. ती नोंद पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाते.

नोंद गमतीची खरी. पण तिच्या आडून एक प्रश्न उभा राहतो. उपभोग घेणाऱ्याकडून राहून गेलेले देणे इतिहासाने सहज माफ केले, इतकेच नव्हे तर त्याचे स्मारक केले. उलट त्याच धुराच्या व्यवहारात वस्तू घडवणाऱ्याच्या हातून झालेली, किंवा झाली असे ठरवण्यात आलेली, चूक त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच्या मजुरीतून वसूल होत आली. दोष पाहणे, दोष ठरवणे आणि दोषाची किंमत घेणे हे जे व्यवहार माणसे नित्य करतात, त्यांत न्याय कोठे असतो आणि कोठे सुटतो, हा नीतिशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे. मोठमोठ्या उदाहरणांवरून तो पुष्कळदा चर्चिला गेला आहे. येथे त्यासाठी अगदी लहान उदाहरण पुरेसे आहे : नीट न ओढला जाणारा सिगार.

बंगळूरसारख्या शहरात आज असे शौकीन आहेत की जे क्यूबा, निकाराग्वा आणि डोमिनिकन प्रजासत्ताक या देशांचे सिगार शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करतात. ही तुलना वरवरची नसते. उत्तम सिगार सबंध हाताने वळलेला असतो आणि त्याची तीन अंगे असतात : आत लांब पानांचा गाभा, गाभ्याला आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर तलम, नितळ असे वेष्टनाचे पान. गाभ्यातही झाडाच्या शेंड्याकडची, मधली आणि बुडाकडची पाने ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात. शेंड्याकडच्या पानांनी जोर येतो, मधल्या पानांनी सुगंध येतो आणि बुडाकडची पाने सिगार पेटता ठेवतात. पारखी माणूस वेष्टनाचा रंग आणि शिरा पाहतो, बोटांनी चाचपून भरणा सर्वत्र सारखा आहे की नाही हे अजमावतो, न पेटवताच एक कोरडा झुरका घेऊन पाहतो. पेटवल्यावर राख किती वेळ टिकून राहते, जळण्याची कड सरळ जाते की वाकडी, आरंभीची चव अखेरपर्यंत कशी बदलत जाते, याकडे त्याचे लक्ष असते. क्यूबाच्या सिगारमध्ये मातीचा आणि देवदाराचा वास, निकाराग्वाच्या सिगारमध्ये मिरीसारखा तिखटपणा, डोमिनिकन सिगारमध्ये सौम्यपणा अशी त्याची ढोबळ वर्गवारी असते; आणि या वर्गवारीला पुष्कळ अपवाद आहेत हेही तो जाणून असतो.

या साऱ्या गुणांच्या आधी मात्र एक गुण लागतो, आणि तो म्हणजे ओढ. मराठीत हा शब्द सुदैवाने दुहेरी आहे. झुरका घेताना हवा ज्या सहजतेने अगर अडचणीने आत येते ती ओढ, आणि मनाला एखाद्या गोष्टीकडे खेचून नेते तीही ओढच. सिगारची ओढ फार सैल असेल तर तो भराभर जळतो आणि धूर गरम व कडवट होतो. ती फार घट्ट असेल तर धूर येत नाही, सिगार वारंवार विझतो आणि कितीही उंची तंबाखू आत असली तरी तिची चव कळत नाही. चोंदलेल्या सिगारपुढे तुलनेचे सारे शास्त्र थांबते. महागड्या वस्तूने असा दगा दिला की शौकिनाला राग येतो, आणि त्या रागात पहिला प्रश्न उमटतो तो असा की, हे कोणी केले?

प्रश्न सोपा वाटतो. उत्तर सोपे नाही. वळणाऱ्याने गाभ्यात एखादे पान अधिक भरले असेल. पाने एकेक गुंडाळून नळ्यांसारखी मांडण्याऐवजी त्याने ती पुस्तकाच्या पानांसारखी एकदम दुमडली असतील आणि त्यामुळे हवेला वाट उरली नसेल. कोठेतरी पान पिळले जाऊन गाठ बसली असेल, किंवा पानाची मधली शीर पुरती काढली गेली नसेल. हे दोष हाताचे. पण कारखान्यातून निर्दोष निघालेला सिगार वाटेत किंवा दुकानात बिघडू शकतो. तंबाखूचे पान हवेतील ओल शोषून फुगते. सिगार ठेवण्याच्या पेटीत आर्द्रता शेकडा ६५ ते ७० च्या आसपास असावी असा संकेत आहे. बंगळूरच्या पावसाळ्यात पेटीकडे दुर्लक्ष झाले तर आतली पाने फुगतात आणि मोकळा सिगार घट्ट होतो. हा दोष सांभाळणाऱ्याचा. खुद्द ओढणाराही नेहमी निर्दोष असतो असे नाही. टोक पुरेसे न कापणे, ओलसर सिगार पेटीतून काढताच पेटवणे, अधीरपणे झुरक्यांवर झुरके घेणे, या चुका त्याच्याच असतात.

उपायही कारणांप्रमाणेच निरनिराळे आहेत. सिगार काही दिवस, प्रसंगी काही आठवडे, थोड्या कोरड्या हवेत ठेवून पाहावा. टोक आणखी किंचित कापावे. बोटांत धरून हलक्या हाताने फिरवत, जेथे कठीण लागते तेथे तो मोकळा करावा. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर बारीक सळईने गाभ्यातून हवेला वाट करून द्यावी. अनुभवी माणसे सहसा आधी सौम्य उपाय करतात आणि सळई शेवटी हाती घेतात, कारण सौम्य उपायाने वस्तूला कमी इजा होते. या क्रमात एक नीती दडलेली आहे. दोष दिसताच वस्तू फेकून देणे हा सर्वांत आळशी मार्ग होय, आणि दोष कोणाचा हे ठरवण्याआधी तो कोठे आहे हे शोधावे लागते.

पारख ही खरोखर काही असते का, की ती केवळ श्रीमंतांची हौस, असा आक्षेप येथे कोणी घेईल. अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या निकषाविषयी १७५७ मध्ये लिहिलेल्या निबंधात या आक्षेपाला उत्तर देताना सर्व्हान्टिसच्या ‘डॉन क्विझोट’मधील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या कुळातील दोघांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करण्यास बोलावले होते. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, पण त्याला किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तमच आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. सूक्ष्म अभिरुचीला जे जाणवते ते वस्तूत खरोखर असते, असे ह्यूमला यातून दाखवायचे आहे, आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. घट्ट ओढ हाही मनाचा खेळ नाही. ती यंत्राने मोजता येते. परंतु या गोष्टीत काही प्रश्न कोणी विचारलेलेच नाहीत. ती किल्ली पिंपात पडली कशी? ती कोणाची होती? मद्य करणाऱ्याला तिचा ठपका लागला की नाही? किल्ली सापडताच परीक्षक खरे ठरले आणि गोष्ट संपली. पारखीचे सामर्थ्य तिने सिद्ध केले. पारखीची जबाबदारी गोष्टीच्या बाहेरच राहिली.

ही जबाबदारी कशी असू शकते याचे एक उदाहरण हवानातच मिळते. १९९० च्या दशकात सिगारची मोठी लाट आली आणि जगभर मागणी वाढली. दशकाच्या उत्तरार्धात क्यूबाने उत्पादन झपाट्याने वाढवले, त्यासाठी नवशिके हात कामावर आले, आणि त्या काळातील क्यूबन सिगारांविषयी चोंदलेल्या ओढीच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. तक्रार करणाऱ्यांना दोष दिसत होता तो वळणाऱ्याच्या बोटांत. वस्तुतः तो त्या बोटांना शिकण्यास लागणारा अवधी देऊ न शकलेल्या घाईचा होता, आणि त्या घाईमागे मागणी करणाऱ्यांचाही हात होता. पुढे, या शतकाच्या आरंभी, क्यूबातील कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली. वळणारा गाभा बांधणीच्या पानात गुंडाळून साच्यात दाबतो. वेष्टन चढवण्यापूर्वी तो गाभा यंत्राला लावून त्यातून हवा किती सहज जाते हे पाहिले जाते. हवा अडली तर गाभा सोडून पाने पुन्हा मांडता येतात. या योजनेत यंत्रापेक्षाही महत्त्वाची आहे ती परीक्षेची वेळ. वेष्टन चढेपर्यंत दोष हा केवळ अपुरी राहिलेली कृती असतो, आणि ती पुरी करणे त्याच हाताच्या आवाक्यात असते.

हवानापासून बंगळूर समुद्रापार आहे. पण बंगळूरहून पुण्याकडे निघालेला महामार्ग धारवाड, बेळगाव ओलांडून महाराष्ट्रात शिरण्यापूर्वी निपाणी या मराठीभाषक गावावरून जातो, आणि तेथे तंबाखूची दुसरी दुनिया भेटते. निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तेथील वखारींत राबणाऱ्या स्त्रियांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांना प्रथमच जाणवले असेल की धुराच्या आधी धूळ असते आणि ती कोणाच्या तरी छातीत जाते. १९८१ मध्ये याच गावाजवळ, याच महामार्गावर, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी रास्त भावासाठी ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. भावाच्या त्या प्रश्नाच्या पोटात पारखीचाही प्रश्न होता. पान चांगले की हलके हे घेणाऱ्याने ठरवायचे आणि ते ठरले की भाव ठरला. आपल्या पानाविषयी पिकवणाऱ्याच्या शब्दाला त्या व्यवहारात वजन नव्हते.

वखारीतून तंबाखू पुढे विडीवाल्यांकडे जाते. सोलापूर, अहिल्यानगर, संगमनेर, सिन्नर या भागांत घराघरांतून स्त्रिया विड्या वळत आल्या. देशभरातील विडी कामगारांची संख्या सरकारी नोंदींनुसार सुमारे ५० लाख सांगितली जाते, आणि त्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, त्यावर चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांच्या एका लयीत ते वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. ओढीचा प्रश्न येथेही आहे. विडी फार घट्ट वळली तर ती ओढत नाही. सैल वळली तर जर्दा गळतो आणि ती विझते. पण येथे पारख होण्याजोगा मधला टप्पाच नाही. विडीला पान हीच बांधणी आणि पान हेच वेष्टन. पारख होते ती काम पुरे झाल्यावर, विड्या कारखान्यात देताना. तपासणारा जुडी दाबून पाहतो आणि काही विड्या बाजूला काढतो. या बाजूला काढण्यास धंद्यात छाट म्हणतात.

छाट हा शब्द लहान आहे, पण त्याच्या पोटात बरेच काही मावते. छाट झालेल्या विडीची मजुरी बुडे; ती विडी परत मिळत नसे आणि पुढे विकलीही जाई, ही कामगारांची जुनी तक्रार होय. पान भोकाचे किंवा जाड शिरांचे आले तर विडी बिघडणारच. पान मोजून कमी दिले गेले, तर हजाराचा आकडा भरण्यासाठी पदरचे पैसे घालून ते आणावे लागणार. सिगारच्या बाबतीत वळणारा, सांभाळणारा, विकणारा आणि ओढणारा असे दोषाचे अनेक वाटेकरी निघतात. विडीच्या बाबतीतही ते निघतात. फरक इतकाच की येथे सर्वांच्या वाट्याचा दोष एकाच बाईच्या पदरात टाकला जाई, आणि तिला तो नाकारण्याची जागा नसे.

योगायोग असा की ज्या १९६६ साली क्यूबात कोहिबा हा पुढे अत्यंत प्रतिष्ठित ठरलेला सिगार जन्मास आला, त्याच वर्षी भारताच्या संसदेने विडी व सिगार कामगारांविषयीचा अधिनियम संमत केला. कायद्याच्या नावात विडी आणि सिगार शेजारी शेजारी बसले. शौकिनांच्या तुलनेत असे कधी घडत नाही. कच्च्या मालाचे वाटप, विडी नाकारणे आणि नाकारलेल्या विडीची मजुरी यांविषयीचे तंटे नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय या कायद्याने केली. त्याखालील नियमांनी असे बंधन घातले की सामान्यतः शेकडा ५ हून अधिक छाट काढू नये, आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर छाट झालेल्या विडीचीही निम्मी मजुरी द्यावी. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो सामावून घेण्यात आला. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले हा वेगळा विषय आहे. त्यांच्यामागील विचार मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. दोष ठरवणाऱ्याच्या अधिकारालाही मर्यादा असते, आणि जो दोष हेतुपूर्वक घडलेला नाही त्याचा भार घडवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून वाहायचा असतो, एवढा मोठा सिद्धान्त येथे निम्म्या मजुरीच्या साध्या हिशेबात मांडला गेला.

परीक्षेविषयीचा हा विचार मराठी मनाला परका नाही. गोरा कुंभाराच्या घरी जमलेल्या संतमेळ्याची कथा सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईने कुंभाराचे थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले, आणि मग तेच थापटणे एकेका संताच्या डोक्यावर फिरले. इतर शांत राहिले. नामदेव रागावले, आणि नामदेव कच्चे ठरले. या कथेचे तात्पर्य सामान्यतः अहंकाराविषयी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु परीक्षा म्हणजे काय या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर आणखी तीन गोष्टी दिसतात. परीक्षक हा स्वतः घडवणारा आहे; कच्चेपण म्हणजे काय हे त्याला रोजच्या चिखलातून कळलेले आहे. थापटणे सर्वांना एकच आहे. मानाप्रमाणे ते बदलत नाही. आणि कच्चे ठरलेले मडके उकिरड्यावर गेले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे त्यांच्या भक्तीने पंजाबपर्यंतचा मुलूख व्यापला. ‘कच्चे’ हा निकाल नव्हता. अजून आच हवी, एवढीच ती सूचना होती.

छाट आणि थापटणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. दोन्हींत दोष शोधला जातो आणि दोन्हींत तो सापडतोही. छाट काढणाऱ्याचे काम दोष सापडताच संपते. थापटणाऱ्याचे काम तेथे सुरू होते, कारण सापडलेल्या दोषाने त्याच्यावर काही करण्याची जबाबदारी येते. हवानातील यंत्र जेव्हा गाभा पुन्हा सोडण्याची संधी देते तेव्हा ते थापटण्याच्या जवळ जाते. तेच यंत्र कोणाचे किती गाभे नापास झाले याची केवळ मजुरी कापण्यासाठी नोंद ठेवू लागले, तर ती पुन्हा छाटच होईल. परीक्षेचे साधन तिची नीती ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट गोरोबांच्या कथेतून निघते. पारखीचा अधिकार घडवणाऱ्याकडे असू शकतो. किंबहुना तो आधी त्याचा असतो. सिगार आणि विडी या दोन्हींच्या इतिहासात याचे सुंदर दाखले आहेत. १८६५ साली हवानातील एल फिगारो या कारखान्यात वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. कामगार सिगार वळत असताना तो उंच आसनावरून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. माँटेक्रिस्टो हे प्रसिद्ध सिगारचे नाव कामगारांना प्रिय असलेल्या द्यूमाच्या कादंबरीवरून आले असे सांगितले जाते. केरळात कण्णूर भागातील विडी कारखान्यांतही अशीच प्रथा होती. एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्यायच्या. १९६६ चा कायदा तेथे लागू होऊ लागला तेव्हा मंगळूरच्या काही बड्या विडी उत्पादकांनी केरळातील काम बंद केले. त्यातून बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली. ज्या हातांची आजवर केवळ तपासणी होत आली होती, त्यांनीच तेथे चांगली विडी कोणती हे ठरवण्याचे काम अंगावर घेतले.

येथवरच्या विवेचनावर एक मूलगामी आक्षेप उरतोच. ज्या वस्तूची ओढ मोकळी असावी म्हणून इतका खल केला, ती वस्तूच घातक आहे. बंगळूरात १९७३ साली स्थापन झालेल्या किदवाई स्मारक कर्करोग संस्थेत येणाऱ्या रुग्णांत तंबाखूचे बळी किती असतात, हे तेथील डॉक्टर जाणतात. सिगारचा धूर बहुधा छातीत घेतला जात नाही, तरीही तो तोंड आणि घसा यांच्या कर्करोगास कारण होतो. विडीचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसल्याने ती विझू नये म्हणून वारंवार आणि खोल ओढावी लागते, आणि प्रत्येक ओढीबरोबर निकोटीन आणि डांबर आत जाते. तेव्हा मोकळी ओढ म्हणजे विषाला मोकळी वाट, मग तिची पारख कसली, असे कोणी म्हणाले तर त्याला खोटे पाडता येणार नाही. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी लागू झालेली धूम्रपानबंदी यांमागील कारण हेच आहे. सुबकपणा हे चांगुलपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हे शौकिनाने मान्य केलेच पाहिजे.

परंतु हा आक्षेप घेणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा लागतो. वस्तू वाईट ठरवून तो पुढे काय करतो? वस्तूला नाकारताना ती वळणाऱ्या लाखो हातांकडे पाठ फिरवली, तर एका अख्ख्या व्यवसायाचीच छाट काढली असे होईल. आणि येथेही छाटीचा भार घेणाऱ्यावर पडणार नाही, वळणाऱ्यावरच पडेल. विडी वळणारी बाई तो धंदा चांगला म्हणून करत नाही. घरात बसून करता येण्याजोगे दुसरे काम तिच्या दारापर्यंत आलेले नाही म्हणून करते. तिच्या बोटांतील कौशल्य त्या वस्तूच्या घातकपणामुळे वाईट ठरत नाही. विडीचे दिवस सरत आले हे ओळखून दिनेश संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून खाद्यपदार्थ, छत्र्या, तयार कपडे अशा उद्योगांकडे वळण्यास आरंभ केला. तो मार्ग सोपा नव्हता आणि सर्वांना पुरेल एवढा रुंदही नव्हता. तरी वेष्टन चढण्याआधी गाभा सोडून पाने पुन्हा मांडावीत, तसा तो प्रयत्न होता. वाईट वस्तूविषयीचा नैतिक निर्णय किती खरा आहे, हे त्या निर्णयानंतर घडवणाऱ्याच्या वाट्याला काय येते यावरून कळते.

हा विचार तंबाखूपुरता राहत नाही. शाळेतील परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, संपादक हस्तलिखित वाचतो, समीक्षक नव्या लेखकाचे पुस्तक हाती घेतो, तेव्हा ते सारे पारखीचेच काम करत असतात आणि त्यांच्या हातात छाट आणि थापटणे ही दोन्ही साधने असतात. विद्यार्थ्याचा निकाल लागल्यावर दाखवलेली चूक आणि निबंध अजून लिहिला जात असताना दाखवलेली चूक शब्दांत एकच असू शकते. परिणामात ती एक नसते. प्रत्येक दोष वेळीच दाखवता येईल असे नाही, आणि काही दोष असे असतात की ते पाहून वस्तू बाजूलाच ठेवावी लागते. अशा वेळीही निम्म्या मजुरीचा तो जुना नियम विसरता येत नाही. हयगय नसेल तर नुकसान दोघांचे.

चर्चिलचे १३ रुपये क्लबाने सोडून दिले, यात काही वावगे झाले असे नाही. देणे वसूल होत नसेल तर ते सोडून देण्याइतका मोठेपणा संस्थांच्या हिशेबात असावा. विडी कारखान्यांच्या वह्यांतही रोजच्या छाटीचे आकडे लिहिले गेले आहेत. एखाद्या बाईच्या नावापुढे हजारांतून वजा झालेल्या तीस, चाळीस, पन्नास विड्या. त्या वह्या पाहुण्यांना दाखवल्या जात नाहीत. बंगळूरच्या पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी चोंदलेला सिगार हातात घेऊन बसलेला शौकीन तो रागाने टाकून देण्याऐवजी कोरड्या हवेत ठेवतो, दोन आठवड्यांनी पुन्हा चाचपून पाहतो. एका निर्जीव वस्तूला जेवढा अवधी तो देतो, तेवढा अवधी ती वळणाऱ्या हाताला मिळाला होता काय, हा प्रश्न त्याच्या मनात आला तर त्याच्या पारखीत काही उणे होणार नाही.